कार्ल सेगन : दुसऱ्या ग्रहाचे फोटो सगळ्यांपर्यंत पोहोचवणारा शास्त्रज्ञ



मागच्या वर्षीची गोष्ट. पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता, विषय सूर्यमालेचा. मी मोबाईलवर शुक्रावरच्या एका ज्वालामुखीचं चित्र दाखवलं. नारिंगी जमीन, मधोमध उंच डोंगर आणि पायथ्याशी दूरवर पसरलेला लाव्हा. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. एका मुलीने विचारलं, बाई, हा खरा फोटो आहे का? मी अगदी बिनधास्तपणे हो म्हणून टाकलं.

घरी आल्यावर सहज त्या चित्राबद्दल वाचलं आणि चपापले. शुक्रावर कायम दाट ढग असतात, वरून साध्या कॅमेऱ्याने जमीन दिसतच नाही. मॅगेलन नावाच्या यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारच्या लहरी सोडून शुक्राची जवळजवळ सगळी, म्हणजे ९८ टक्के जमीन मोजली. त्या मोजमापांवरून संगणकाने हे चित्र तयार केलं होतं. नारिंगी रंग नंतर दिलेला. डोंगराची उंची तर नीट दिसावी म्हणून कित्येक पटींनी वाढवलेली! चित्र खोटं नव्हतं, पण मी हो म्हणाले त्या अर्थाने खरंही नव्हतं.

आता दुसऱ्या दिवशी वर्गात काय करायचं? गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. त्याच विचारात असताना ज्यांची माहिती मी वाचत गेले, त्या शास्त्रज्ञाची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे. त्यांचं नाव कार्ल सेगन.

बालपण आणि वाचनालय

कार्ल सेगन यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९३४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. वडील रशियन साम्राज्यातून आलेले स्थलांतरित, कपड्यांच्या कारखान्यात काम करायचे. घरची परिस्थिती बेताची. आईवडिलांपैकी कुणालाही विज्ञानाची पार्श्वभूमी नव्हती. पण पालकहो, ही गोष्ट लक्षात घ्या, मुलाने विचारलेला प्रश्न त्यांनी कधी उडवून लावला नाही.

लहानग्या कार्लला प्रश्न पडला की तारे म्हणजे नेमकं काय असतं? आजूबाजूच्या कुणालाच उत्तर देता येईना. मग तो वाचनालयात गेला आणि ताऱ्यांवरचं पुस्तक मागितलं. तिथल्या बाईंनी त्याला सिनेमातल्या ताऱ्यांचं, म्हणजे नटनट्यांचं पुस्तक आणून दिलं. गैरसमज दूर झाल्यावर खरं पुस्तक हातात आलं. त्यात लिहिलं होतं की आपला सूर्य हाही एक ताराच आहे, फक्त जवळ असलेला. आणि रात्रीचे तारे म्हणजे दूर असलेले सूर्य. त्या एका वाक्याने मुलाचं जग एकदम मोठं झालं.

१९३९ साली न्यूयॉर्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आईवडील त्याला तिथे घेऊन गेले. त्या काळातल्या वस्तू एका मजबूत नळकांड्यात भरून पाच हजार वर्षांनंतरच्या माणसांसाठी जमिनीत पुरल्या गेल्या होत्या. ही कल्पना त्याच्या मनात घर करून राहिली. पुढे तिचं काय झालं ते नंतर सांगते.

शुक्राचं कोडं आणि कॅमेऱ्याचा वाद

शिकागो विद्यापीठात शिकून १९६० मध्ये सेगन यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा अभ्यास ग्रहांचा होता. त्या वेळी शुक्राबद्दल नाना कल्पना होत्या. ढगांखाली दलदल असेल, समुद्र असेल, हिरवीगार जंगलं असतील असंही काहींना वाटायचं. पण शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मात्र तिथे प्रचंड उष्णता असल्याचं सुचवत होत्या. सेगन यांनी गणित मांडून दाखवलं की शुक्राच्या दाट वातावरणामुळे उष्णता आत कोंडली जाते, म्हणजेच तीव्र हरितगृह परिणाम होतो. आज आपल्याला माहीत आहे की शुक्राच्या जमिनीचं तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे. शिसं वितळेल इतकं!

डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळ जाऊन तिथली माहिती यशस्वीपणे पाठवणारं हे पहिलं यान. त्याच्या मोजमापांनी उष्ण शुक्राच्या बाजूने कौल दिला. पण या यानावर कॅमेराच नव्हता!

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण त्या वेळी बऱ्याच शास्त्रज्ञांना कॅमेरा म्हणजे यानावरचं फुकटचं ओझं वाटायचं. विज्ञानाला आकडे लागतात, फोटो फक्त लोकांना खूष करायला, असा त्यांचा सूर होता. सेगन यांचं म्हणणं वेगळं होतं. इतर उपकरणं आपण आधी ठरवलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देतात. कॅमेरा मात्र आपल्याला जे विचारायचं सुचलंही नव्हतं, तेही दाखवतो. आणि दुसरं म्हणजे, या मोहिमांचा खर्च सामान्य लोकांच्या पैशातून होतो, मग तिथे काय दिसलं ते बघण्याचा त्यांना हक्क आहे.

धुळीतले चार डाग

कॅमेऱ्याची ही बाजू किती बरोबर होती, ते मंगळाने दाखवून दिलं.

१९६५ मध्ये मरिनर ४ ने मंगळाचे वीसेक फोटो पाठवले. त्यात चंद्रासारखे खड्डेच खड्डे. मंगळ म्हणजे एक मेलेला, कंटाळवाणा ग्रह, असं अनेकांचं मत झालं. १९६९ मधल्या दोन यानांनीही मत फारसं बदललं नाही. पण ही सगळी यानं मंगळाजवळून नुसती निघून गेली होती. त्यांनी ग्रहाचा थोडाच भाग पाहिला होता. एका गल्लीतून जाऊन सगळ्या गावाबद्दल मत बनवण्यासारखंच झालं ते.

१४ नोव्हेंबर १९७१ रोजी मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागलं. दुसऱ्या ग्रहाच्या कक्षेत शिरलेलं हे पहिलं यान. फोटोंचं काम पाहणाऱ्या गटात सेगन होते. सगळे उत्सुकतेने बसले होते आणि पहिल्या फोटोंत दिसलं काय, तर काहीच नाही! संपूर्ण मंगळावर धुळीचं वादळ उठलं होतं. ग्रह दुधात बुडवल्यासारखा कोरा दिसत होता.

त्याच सुमारास सोव्हिएत संघाची दोन यानं तिथे पोहोचली होती. त्यांचा कार्यक्रम आधीच ठरलेला, तो बदलता येत नव्हता, त्यामुळे त्यांचे बरेचसे फोटो धुळीचेच निघाले. मरिनर ९ ला मात्र पृथ्वीवरून नव्या सूचना देता येत होत्या. शास्त्रज्ञांनी थांबायचं ठरवलं.

त्या कोऱ्या चकतीवर चार काळपट डाग मात्र दिसत होते. आठवड्यांमागून आठवडे गेले, धूळ हळूहळू बसू लागली आणि डाग मोठे होऊ लागले. शेवटी उलगडा झाला. ती चार प्रचंड ज्वालामुखींची शिखरं होती! संपूर्ण ग्रह धुळीत बुडालेला असताना फक्त त्यांची डोकी वर राहिली होती. त्यातला सगळ्यात मोठा ऑलिम्पस मॉन्स. उंची सुमारे २२ किलोमीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे एकावर एक तेरा कळसूबाई ठेवले तरी थोडं कमीच पडेल. पायथ्याची रुंदी सुमारे ६०० किलोमीटर, पुण्याहून नागपूरला सरळ रेषेत जावं जवळपास तेवढी.

मरिनर ९ ने सात हजारांहून अधिक फोटो पाठवले. त्यात हजारो किलोमीटर लांबीची दरी होती, कोरड्या पडलेल्या नद्यांची पात्रं होती. मेलेला समजलेला ग्रह एकेकाळी लाव्हा ओकत होता, तिथून पाणीही वाहिलं होतं. हे कुणी आधी विचारलं नव्हतं, कॅमेऱ्याने ते दाखवलं.

त्या धुळीतून आणखी एक गोष्ट निघाली. वादळाच्या काळात मंगळाचं वरचं वातावरण तापलं होतं आणि जमीन थंड झाली होती. यावरून सेगन आणि सहकाऱ्यांना प्रश्न पडला की पृथ्वीवर असंच झालं तर? १९८३ मध्ये त्यांनी अभ्यास मांडला की अणुयुद्ध झालं तर जळणाऱ्या शहरांचा धूर सूर्यप्रकाश अडवेल आणि पृथ्वी गोठेल. दुसऱ्या ग्रहाची धूळ बघताना आपल्या घराची काळजी लागली, ती अशी.

आकाश निळं की गुलाबी?

आता मला सगळ्यात आवडलेला प्रसंग. २० जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ मंगळावर उतरलं. दुसऱ्या दिवशी पहिला रंगीत फोटो आला. तांबूस जमीन, विखुरलेले दगड आणि वर छान निळं आकाश. जगभरातले पत्रकार खूष झाले. किती आपल्या पृथ्वीसारखं!

पण फोटो घाईत तयार केला होता. यानावर एक रंगपट्टी बसवलेली होती, तिचे रंग पृथ्वीवर आधीच माहीत होते. फोटोतली पट्टी त्या रंगांशी जुळेपर्यंत दुरुस्ती केली, तेव्हा आकाश निळं राहिलं नाही, फिकट गुलाबी झालं. कारण मंगळाच्या हवेत बारीक तांबडी धूळ तरंगत असते.

शास्त्रज्ञांनी ही चूक लपवली नाही, पत्रकारांसमोर सांगून टाकली. पत्रकारांनी गमतीने का होईना, नाराजीचा आवाज काढला. त्यांना निळंच आकाश हवं होतं! सेगन यांनी त्यांना हसत समजावलं की निळ्याची ओढ ही आपली पृथ्वीवरच्यांची सवय आहे, मंगळाला मंगळच राहू द्यावं.

स्वतः सेगन यांनाही मंगळाने निराश केलं होतं. तिथे जीवसृष्टी सापडेल अशी त्यांना फार आशा होती. व्हायकिंगच्या प्रयोगांत जीवनाचा खात्रीलायक पुरावा काही मिळाला नाही. त्यांनी ते मान्य केलं आणि शोध पुढे चालू ठेवावा असं सांगत राहिले. पुढे १९९१ मध्ये कुवेतच्या तेलविहिरींना लागलेल्या आगींच्या परिणामाबद्दल त्यांचा अंदाज चुकला, तोही त्यांनी नंतर आपल्या पुस्तकात स्वतःहून नोंदवला.

घराघरांत पोहोचले, पण किंमतही मोजली

सेगन दूरदर्शनवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात जायचे, सोप्या भाषेत पुस्तकं लिहायचे. १९७८ मध्ये त्यांच्या पुस्तकाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये कॉसमॉस ही त्यांची १३ भागांची मालिका आली. यानांनी पाठवलेली ग्रहांची दृश्यं अनेक देशांतल्या लोकांनी आपल्या घरात बसून पाहिली. त्याच वर्षी ब्रूस मरे आणि लुईस फ्रीडमन यांच्यासोबत त्यांनी प्लॅनेटरी सोसायटी ही संस्था काढली. मरे आणि सेगन यांचे मंगळावरच्या जीवसृष्टीबद्दल जोरदार मतभेद होते, तरी लोकांना बरोबर घेतलं पाहिजे यावर दोघांचं एकमत होतं.

पण लोकांत मिसळणारा शास्त्रज्ञ सगळ्यांनाच रुचत नाही. १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना कायमची नेमणूक नाकारली. मग ते कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच शिकवत राहिले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांचं सदस्यत्व फेटाळलं. त्यांच्या नावावर शेकडो शोधनिबंध होते, तरीही! ते फार लोकप्रिय आहेत, हेच काहींना खटकत होतं. गंमत बघा, त्याच अकादमीने दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, समाजासाठी विज्ञान वापरल्याबद्दल त्यांना पदक दिलं.

आपल्यालाही हा अनुभव थोडाफार येतो. सोपं करून शिकवणाऱ्याला विषय खोल येत नसणार, असा समज असतो. पहिलीला शिकवणाऱ्या शिक्षकांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. खरं तर सोपं करायलाच जास्त खोलवर जावं लागतं.

केसरबाई आणि तो ठिपका

१९७७ मध्ये व्हॉयेजर नावाची दोन यानं दूरच्या ग्रहांकडे निघाली. ती पुढे सूर्यमालेच्या बाहेर जाणार होती. त्यांच्यावर पृथ्वीची ओळख सांगणारी सोनेरी तबकडी बसवली गेली. ती तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख सेगन होते. लहानपणी प्रदर्शनात ऐकलेली ती पुरलेल्या वस्तूंची कल्पना आठवते ना? तीच आता आकाशात निघाली होती. या तबकडीत ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यात आपली मराठीही आहे. आणि जगभरातून निवडलेल्या संगीतात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ चं उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ चं. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र अजून प्रवासातच आहे.

१९७९ मध्ये व्हॉयेजर १ गुरूजवळून गेलं. त्याच्या फोटोंत गुरूच्या आयो या चंद्रावर जिवंत ज्वालामुखी उसळताना दिसला. लिंडा मोराबिटो या यानाच्या मार्गाचं काम पाहणाऱ्या अभियंत्या. त्यांना एका फोटोत आयोच्या कडेला फिकट ढगासारखं काहीतरी दिसलं. त्यांनी ते डाग म्हणून सोडून दिलं नाही, म्हणून पृथ्वीबाहेरच्या जिवंत ज्वालामुखीचा पहिला शोध लागला.

सेगन यांची आणखी एक इच्छा होती. यान दूर गेल्यावर त्याने मागे वळून पृथ्वीचा फोटो काढावा. यातून विज्ञानाला नवीन काही मिळणार नाही, शिवाय सूर्याकडे तोंड केल्याने कॅमेरा खराब होईल, अशा अडचणी सांगितल्या गेल्या. सेगन वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले. अखेर १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून तो फोटो निघाला. त्यात पृथ्वी म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्यात तरंगणारा एक फिकट निळा ठिपका! आपली शाळा, गाव, भांडणं, सगळं त्या ठिपक्यात.

१९९४ च्या सुमारास त्यांना अस्थिमज्जेचा गंभीर आजार झाला. बहिणीने आपली अस्थिमज्जा दिली, तीन वेळा प्रत्यारोपण झालं. पण २० डिसेंबर १९९६ रोजी न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. वय फक्त ६२. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९७ रोजी, पाथफाइंडर मंगळावर उतरलं. त्याच्या उतरलेल्या भागाला कार्ल सेगन स्मारक स्थानक असं नाव देण्यात आलं. तिथून आलेले फोटो जगभरातल्या लोकांनी इंटरनेटवर आपापल्या घरी पाहिले. ते असते तर त्यांना याच गोष्टीचा आनंद झाला असता, असं मला वाटतं. २०१४ मध्ये आपलं मंगळयानही मंगळाच्या कक्षेत पोहोचलं आणि त्याच्या रंगीत कॅमेऱ्याने तिथल्या ज्वालामुखींचे फोटो पाठवले, ते मुलांना नक्की दाखवा.

वर्गात काय करता येईल?

१. कोणताही अवकाशातला फोटो दाखवताना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कोणत्या यानाने घेतला? कॅमेऱ्याने की रडारने? रंग मूळचा आहे की नंतर दिलेला?

२. एका फुलाशेजारी लाल, निळा, पिवळा, पांढरा अशा रंगांची पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. मग फोटोचा रंग मुद्दाम बदला आणि मुलांना दाखवा. फुलाचा खरा रंग कोणता, हे फक्त पट्टी बघून ओळखायला सांगा. व्हायकिंगची रंगपट्टी मुलांना पाच मिनिटांत समजते.

३. घाटावर, सह्याद्रीत राहणाऱ्यांनी शाळेजवळचा काळा दगड वर्गात आणा. हा बेसाल्ट, कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. मंगळावरचे आणि शुक्रावरचे बरेचसे खडकही याच जातीचे आहेत. ज्वालामुखी शिकायला लांब जायची गरजच नाही.

आता माझ्या वर्गाचं सांगते. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं की काल माझं उत्तर अर्धवट होतं. रडार म्हणजे काय, रंग कसा दिला, उंची का ताणली, सगळं सांगितलं. मला वाटलं, मुलं हिरमुसतील. तसं काही झालं नाही. त्याच मुलीने लगेच पुढचा प्रश्न टाकला, मग शुक्राचा खरा रंग कोणता?

याचंही उत्तर आहे. १९८२ मध्ये सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ शुक्रावर उतरलं. त्या भट्टीत ते १२७ मिनिटं टिकलं आणि त्याने जमिनीचे रंगीत फोटो पाठवले. त्यात दगड नारिंगी दिसतात, कारण दाट हवा निळा प्रकाश खाली पोहोचूच देत नाही. तोच दगड आपल्या उन्हात ठेवला तर करडा दिसेल, आपल्या सह्याद्रीच्या दगडासारखा.

एवढं ऐकून ती मुलगी खिडकीतून शाळेच्या कुंपणाच्या दगडांकडे बघत बसली. मी फळ्यावर पुढचा मुद्दा लिहायला घेतला होता, पण थोडा वेळ थांबले.

तुमच्या वर्गात असा प्रश्न आला आणि उत्तर चुकलं, तर दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करायला लाजू नका. मुलं आपल्यावरचा विश्वास त्यामुळे गमावत नाहीत, उलट पुढचा प्रश्न विचारतात.